ताईचा खांदा

मोठ्या ड्रमचा शेवटचा स्क्रू सैल करताना ठोक्याने मान वर केली नाही. समोर ताई गात होती, आणि चौथ्यांदा त्याच जागी चुकली होती.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. बँड तिचा, गाणी तिची. सतरा वर्षं तो तिच्या मागे बसून ड्रम बडवत आला होता, म्हणून त्याला सगळे ठोक्याच म्हणत. यंदा तिने गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि तालमीच्या खोलीत एक यंत्र आणलं. ठोके, खर्ज, सगळं त्यातूनच. मागच्या कार्यक्रमात अर्धं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. उरलेल्यांनी खुर्च्या फिरवून रंगमंचाकडे पाठ केली होती. पाठ फिरवणाऱ्यांनी नंतर ठोक्याला गाठलं. जुना आवाज, नवा बँड, तुम्ही फक्त हो म्हणा. त्याने हो म्हटलं होतं. आज सामान त्या नव्या बँडकडे न्यायला टेम्पो येणार होता.

"यंत्र चुकत नाही, ताई," मास्तर म्हणाला. तो सकाळी शाळेत गणित शिकवायचा आणि दुपारी यंत्रापाशी बसायचा. "तुम्ही अर्धी मात्रा आधी येताय."

"वय झालं असेल माझं."

"यंत्राला वय नसतं," ठोक्या खाली बघूनच म्हणाला. "डबाही लागत नाही त्याला."

"आणि वेळेवर येतं," ताई म्हणाली.

मास्तर हसला. ठोक्यालाही हसू आलं. ते त्याने झांजांच्या पिशवीत डोकं घालून लपवलं.

खरं तर नवं गाणं त्याला आवडलं होतं, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी दार लावून त्याने ते तीनदा ऐकलं होतं. खालून लांबच्या कारखान्यासारखी घरघर येत राहायची आणि तिच्यावर ताईचा आवाज, एकटा, उघडा. त्या आवाजात वर जाताना एक बारीक चरा पडत होता. इतकी वर्षं तो झांजांखाली गाडला गेला होता. कुणी गाडला, हे त्याला विचारावं लागलं नाही.

पाचव्यांदा गाणं सुरू झालं. ध्रुवपद आलं, ताईचा डावा खांदा किंचित वर गेला, आणि ती पुन्हा आधीच आली. तिने माईक ठेवून दिला. उद्याच्या कार्यक्रमातून हे गाणं काढू या, ती म्हणाली. लोक म्हणतात ते खरं असेल, नसेल जमत आपल्याला हे.

ठोक्या गप्प राहिला असता तरी कुणी त्याला काही म्हटलं नसतं. त्याने पाना दोनदा तळहातावर फिरवला.

"तिचं चुकत नाहीये."

दोघांनी वळून पाहिलं.

"ध्रुवपदाआधी श्वास घेताना ती खांदा उचलते. मला मागून दिसायचा. खांदा वर गेला की मी ठोका पुढं पळवायचो. अर्धी मात्रा." त्याने पाना खाली ठेवला. "आधी घाई कुणी केली, तिनं की मी, ते आता नाही सांगता येणार."

"कधी बोलला नाहीस," ताई म्हणाली.

"तू कधी मागं बघितलं नाहीस."

मास्तरने चष्मा पुसला. यंत्राचा वेग हाताने वाढवता येतो, त्याने नॉब दाखवला. पण तो फिरवणाऱ्याला दुसरीकडे लक्ष देऊन चालायचं नाही. ठोक्याने हात पँटला पुसले आणि नॉब धरला. पहिल्या वेळी यंत्र उधळलंच. शाळेतली पोरं परवडली, असं मास्तर पुटपुटला. दुसऱ्या वेळी ठोक्याने यंत्राकडे पाहिलंच नाही. मान वाकडी करून तो ताईकडे बघत राहिला. खांदा उचलला, नॉब केसभर फिरला, आणि आवाज त्या घरघरीवर अलगद येऊन बसला.

टेम्पोवाला केव्हाचा दारात उभा होता. गाणं संपेपर्यंत तो चौकटीला टेकून राहिला. मग त्याने ड्रमांकडे बोट केलं.

"न्यायचं ना हे?"

ताई पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. ते केव्हाच उघडलं होतं.

"न्या," ठोक्या म्हणाला. त्याचा हात अजून नॉबवरच होता. "माझ्या घरी उतरवा. इथून मला तिचा खांदा नीट दिसत नाही. तिच्या मागं उभं राहायला जागा हवी."