शाई वाचवण्याचे वर्ष

मित्रांनो, मी प्रिंटर आहे आणि आता पुरता म्हातारा झालो आहे. माझी उमेदीची वर्षे एका औषधांच्या दुकानात लेबले आणि पत्रके छापण्यात गेली. दुकानाने नवे यंत्र घेतले, तेव्हा तिथल्या बाईंनी मला स्वस्तात घरी आणले. नोकरी त्यांनीही सोडली होती. नवरा लिफ्ट बसवणारा, आज या गावी तर उद्या त्या गावी. दोन वर्षांत मुलींच्या तीन शाळा झाल्या, तेव्हा त्यांना घरीच शिकवायचे असे बाईंनी ठरवले.

एक पगार गेला, म्हणून वर्षाचे अंदाजपत्रक काटेकोर होते. पुस्तके जुनी, प्रयोगाचे सामान स्वयंपाकघरातले, परीक्षेची फी आधीच बाजूला काढलेली. शाई मात्र कुठेच बसेना. माझे कार्ट्रिज माझ्यापेक्षा महाग आहे हे ऐकून मी शरमेने लाल झालो असतो, पण लाल शाई पहिल्याच महिन्यात संपली होती! काळे कार्ट्रिज वर्षभर पुरवायचेच, असा बाईंनी चंग बांधला. छपाई फिकट केली, अक्षरे बारीक केली, एका कागदावर चार पाने बसवली.

थोरली बिट्टी गणितात चुकू लागली. साडेतीन लिटर दुधाचे तिने पस्तीस लिटर केले. बाई आधी रागावल्या, मग तेच गणित पुन्हा पुन्हा समजावू लागल्या. एका दुपारी नवऱ्याला म्हणाल्या, "मला नाही जमत शिकवायला. उगाच पोरींचं वर्ष वाया घालवतेय. शाळेतच घालू त्यांना."

दशांश चिन्हे मीच गाळत होतो. मला सगळे ठाऊक होते आणि सांगता काही येत नव्हते. फार वाईट वाटले.

नवऱ्याने कागद खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. "अगं, यात टिंबं कुठायत? मला तर काहीच धड दिसत नाही."

बाई बिट्टीकडे वळल्या. "तुला दिसत नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"शाई संपली असती ना," बिट्टी म्हणाली. "मग तुला परत नोकरीला जावं लागलं असतं."

बाईंनी तिला जवळ ओढले आणि बराच वेळ सोडलेच नाही.

मग अंदाजपत्रक पुन्हा मांडले, या वेळी दोन्ही मुलींना शेजारी बसवून. गोष्टी छापायच्या कशाला, वाचनालयातून आणू, असे धाकटीने सुचवले. त्यात निम्मे कागद वाचले आणि कार्ट्रिजची सोय झाली. शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी एका वेळी दोन दोन कागद ओढतो. माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसा, एवढेच माझे मागणे. आणि मित्रांनो, घरात काटकसर चालली असेल तर जरूर हातभार लावा, पण दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांगा. तुम्ही गप्प राहिलात की शाई वाचते, पण आई मात्र स्वतःलाच दोष देत बसते.