परवान्यावरचे चार म

माझं नाव 'म'वरून सुरू होतं. पुढचं सांगत बसत नाही, कारण मला वेळ लागतो आणि लोकांना धीर नसतो. मी 'म'वर अडकलो की समोरचा माणूस उपकार केल्यासारखं माझं नाव पुरं करतो, आणि हमखास चुकीचं करतो. त्यामुळे या गावात मी दवाखान्यात एका नावाने, वाण्याकडे दुसऱ्या नावाने आणि न्हाव्याकडे माझ्याच धाकट्या भावाच्या नावाने ओळखला जातो. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला आहे, आणि ते आडवं बसवलेलं आहे.

धंदा लिफ्टदुरुस्तीचा. बावीस वर्षं झाली. ब्रेक, दोर, दाराचे रूळ, सगळं हाताला पाठ. बंद लिफ्टमध्ये माणसं अडकली की पूर्वी मी वरून ओरडायचो, "घ-घ-घ-घाबरू नका!" आणि ती आणखी घाबरायची. म्हणून हल्ली मी काही न बोलता दार उघडतो. या कामाला परवाना लागतो आणि दर पाच वर्षांनी तो नवा करावा लागतो. परवाना नाही तर मशीनच्या खोलीची किल्ली नाही. मालकांनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत कागद दाखवा, नाहीतर सोमवारी तुमच्या जागी दुसरा माणूस येईल."

परवाना कार्यालयात नवा नियम आला होता. पूर्वी कारकून लोकांची नावं आपल्या मनाने सुधारून लिहायचे. तक्रारी फार झाल्या, तेव्हा वरून हुकूम आला: अर्जदार उच्चारेल तसंच नाव टाइप करायचं, कानामात्रेचाही फरक करायचा नाही. खिडकीवरच्या बाई नियमाला पक्क्या होत्या.

"नाव?"

मी सांगितलं. बाईंनी मध्येच तोंड घातलं नाही, घड्याळ पाहिलं नाही, नाव पुरं करून दिलं नाही. इतक्या सभ्यपणे माझं नाव आजवर फारच थोड्यांनी ऐकून घेतलंय. मला भरून आलं. कागद हातात आला तेव्हा कळलं की बाईंनी मला अक्षरशः ऐकलं होतं. नावाच्या सुरुवातीला चार म होते. मध्ये बारीक रेघासुद्धा.

"बाई, यातले त-तीन जास्त आहेत."

"तुम्ही बोललात तेच आहे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी वरच्या मजल्यावर साहेबांकडे जा. ते नाव विचारतील. कागदाशी जुळलं की शिक्का मारतील."

घरी बायकोने कागद वाचला आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग ती एकदम गंभीर झाली. "अहो, म्हणजे चारच यायला हवेत. तुमचे एरवी किती येतात?"

मला काय ठाऊक! आपण किती वेळा पापणी मिटतो ते कोणी मोजतं का? पण तिने वही घेतली आणि दोन दिवस येता-जाता मला माझं नाव विचारलं. सकाळी सहा आले, जेवताना दोन, आणि तिच्या आईचा फोन चालू होता तेव्हा अकरा. चार एकदाही नाही.

गुरुवारी साहेबांच्या टेबलापुढे मोठी रांग होती. माझा नंबर आला. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "नाव?"

मी नाव सांगितलं. साफ. एका दमात, लोण्यासारखं. आरशासमोर उभं राहून जे चाळीस वर्षांत जमलं नव्हतं, ते त्या टेबलापुढे जमलं.

"उच्चार सुरेख आहे," साहेब म्हणाले. "पण हे तुम्ही नव्हे."

"साहेब, मीच तो."

"कागदावरचा माणूस अडखळतो. तुम्ही तर भाषण देणाऱ्यासारखे बोलता. आणखी दोन संधी देतो."

मी मुद्दाम अडखळून पाहिलं. साहेबांनी मान हलवली. "हे नाटक आहे. खरं अडखळा." रांगेतल्या एका काकूंना माझी दया आली. "भाऊ, चार हवेत, घाई करू नका, सावकाश अडखळा," असं म्हणून त्यांनी मला चार बोटं दाखवली. मी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा साफ! आडात भरपूर होतं, पण पोहऱ्यात काही येईना. ज्या अडखळण्याला मी जन्मभर शिव्या दिल्या, ते नेमकं कामाच्या वेळी रुसून बसलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला त्याची आठवण येत होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "दुरुस्ती अर्ज आहे. इथे सही करा. जादा अक्षरं उडवतो आणि पाच मिनिटांत शिक्का देतो."

मी पेन उघडलं. कागदावर छापलं होतं: 'वरील नावातील जादा अक्षरे माझी नाहीत. ती चुकून आली आहेत.'

एक सही, आणि नोकरी वाचत होती. पण हात पुढे जाईना. शाळेत हजेरी देताना सगळा वर्ग खिदळायचा, तो याच अक्षरांना. बायकोला लग्नाचं विचारलं तेव्हा मी इतका वेळ अडकलो होतो की एक बस येऊन गेली. तिला माझा शब्द कळला होता, तरी तिने तो माझ्या तोंडून पळवला नाही, नुसती थांबून राहिली. माझं अर्धं आयुष्य या जादा अक्षरांत गेलं. ती माझी नाहीत तर काय साहेबांची? मला राग आला. साहेबांचा नव्हे, स्वतःचा, कारण मी पेन उघडलं होतं.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "ती अक्षरं म-म-म-माझीच आहेत."

साहेब पुढे झुकले. "ते वाक्यात आलं, ते चालत नाही. आता लगेच नाव सांगा."

मी नाव सांगितलं. जेवढा वेळ लागला तेवढा घेतला. साहेबांनी बोटांवर मोजलं, काकूंनीही मोजलं.

"पाच," साहेब हळहळले. "एक जास्त झाला हो."

काकूंनी कपाळावर हात मारला. एरवी अशा वेळी मी माफी मागतो. आजवर प्रत्येक अक्षराची मागत आलो आहे.

"मग कागदावर एक व-वाढवा," मी म्हणालो.

साहेबांनी अर्ज उलटा केला. मागच्या बाजूला 'अक्षरे वाढवणे' असा एक रकाना होता. तो तिथे आहे हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. त्यात त्यांनी जपून एक म लिहिला, माझी सही घेतली, शिक्का मारला, आणि परवाना हातात देताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि पुढच्या वेळी सहा आले तर?"

"तर स-स-सहा," मी म्हणालो. "तेही माझेच."