रिकामी गच्ची

सरोजा भावाच्या घरात राहायची, पण भावाचं खायची नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एखाद्याला ठाऊक नसलंच तर ती स्वतः सांगायची. वय छप्पन, लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आई गेली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून घराची गच्ची हाच तिचा संसार.

फेब्रुवारीत तमिळ मासी महिना लागला, ऊन चढायला लागलं, की ही बाई पहाटे न्हाऊन मडीचं लुगडं नेसायची. मडी म्हणजे सोवळं, आणि सरोजाचं सोवळं म्हणजे नुसता दरारा. तांदळाची पेज शिजवायची, गच्चीवर धुतलेल्या वेष्ट्या, म्हणजे धोतरं, अंथरायच्या, त्यांवर पळीपापडासारखे वडाम घालायचे. शेजारी ताकातल्या मिरच्या, सुंडक्कायची बारकी कडवट फळं. श्राद्धाला, देवकार्याला बाजारचं चालत नाही अशी आपल्या तंजावुरी मराठी लोकांची घरं चेन्नईत, बेंगळुरात अजून आहेत. ती मागवायची ते सरोजाकडूनच. "मडीत केलेलं, उन्हात वाळलेलं" एवढं ती फोनवर म्हणाली की पुरे. वर्षभराचा तांदूळ, औषधं, फोन, सगळं त्यातून निघायचं. भाऊ अनिरुद्धराव बँकेतून निवृत्त झालेला, वाईट माणूस नव्हे. पण खालच्या मजल्यावर त्याच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडायची पाळी येऊ नये, एवढंच सरोजा देवाकडे मागायची.

मग सरकारने ठरवलं की हवा बिघडली आहे, आणि ती आता गच्च्यांवरून सुधारायची.

हवा बिघडली हे खोटं नव्हतं. सरोजाला ते कुणी सांगायला नको होतं. मार्च-एप्रिलच्या पंगुणीत कधी थेंब पडायचा नाही, आणि गेल्या पाच वर्षांत दोनदा ऐन पंगुणीत पाऊस कोसळून तिचं अख्खं वाळवण कुजलं होतं. त्यामुळे योजना आली तेव्हा ती म्हणाली, करा बाबांनो, काहीतरी करा. योजना अशी होती: वॉर्डातल्या सगळ्या गच्च्यांची पाहणी करायची. गच्ची वापरात असेल तर तशी नोंद करून सोडून द्यायची. रिकामी असेल तर सरकारी मदतीने सौर पॅनेल बसवायचे. त्यांचा वॉर्ड जिल्ह्यातला पहिला पूर्ण सौर वॉर्ड होणार होता. अनिरुद्धरावाने घरमालक म्हणून संमतीची सही करूनच टाकली. गच्ची वापरात आहे, ती सुटणार, हे त्याला माहीत होतं, पण सहीला काय जातंय! शिवाय सुटली नाही तर एसीचं बिल सुटेल, असंही मनात असेलच.

पाहणीला आला तो गणेशकुमार. तिशीचा, कंत्राटावरचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सकाळी दहाची वेळ. राजलक्ष्मीवैनीने त्याला सरळ जिना दाखवला. सरोजा वर मडीत, भोवती सहा वेष्ट्या भरून वडाम. पावलं ऐकून तिने वरूनच त्याला थांबवलं आणि गाव विचारलं. पापनाशमजवळचं, तो म्हणाला. मग कुठल्या तेरूत, कुठल्या आळीत राहता, असं तिने विचारलं. त्याने आळीचं नाव सांगितलं, आणि तिला जे कळायला हवं होतं ते कळलं.

आदल्याच दिवशी अनिरुद्धराव टाकीचा नळ बघायला वर आला होता. त्याला ती म्हणाली होती, अण्णा, कठड्याच्या कडेने जा, लुगड्याला शिवू नकोस. बस, एवढंच. या माणसाला मात्र तिने शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि एकेक वेष्टी चारी टोकांनी उचलून जिन्याशेजारच्या खोलीत नेऊन ठेवायला लागली. तो म्हणाला, अम्मा, राहू द्या, चप्पल काढतो, कडेकडेने जातो. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोन वेष्ट्यांवरचे वडाम ओले होते, त्यांचा लगदा झाला. झाला तर झाला, तिने मनाला समजावलं, उरलेल्या मालाची मडी तर राहिली. परातीही नेल्या, मिरच्याही नेल्या. दहा मिनिटांनी स्वच्छ, धुतल्यासारखी गच्ची त्याच्यापुढे मोकळी करून ती खोलीच्या दारात उभी राहिली. त्याने चार कोपऱ्यांतून चार फोटो काढले, नमस्कार केला आणि गेला. तो गेल्यावर तिने गच्चीवर पाणी ओतलं.

एप्रिल सरताना, चित्रै महिन्यात कागद आला. पाच पॅनेल, शुक्रवारी बसवणार.

सरोजाला आधी वाटलं, घर चुकलं. मग वाटलं, अण्णाने काही केलं. अनिरुद्धराव शपथेवर सांगायला लागला की मी सहीपलीकडे काही केलं नाही, आणि ते खरं होतं. तिने त्यालाच विचारलं, अर्ध्या गच्चीवर बसवता येतील? उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर शेजारच्या लॉजची सावली, तिथे पॅनेलही नको आणि वडामही नको. उंच खांबांवर बसवले तर? खाली सावलीच. डोकं पिकून गेलं तिचं. गुरुवारी सकाळी टाउन बस पकडून ती कार्यालयात गेली.

तिथे अखिला नावाची इंजिनियर होती, मुलीच्या वयाची, बोलायला गोड. तिने संगणकावर ते चार फोटो उघडून दाखवले. गच्ची कशी, आरशासारखी. केर नाही, कपडा नाही. सरोजाने सांगितलं, तीस वर्षं वाळवण करते, एक युनिट वीज न जाळता. अखिला म्हणाली, फार छान, पण मावशी, तुमच्या उन्हाला मीटर नाही ना, ते आमच्या आकड्यात धरता येत नाही. पॅनेल लागले की तुम्ही विजेचा ड्रायर घ्या, महिलांसाठी कर्ज मिळतं. म्हणजे उन्हाची वीज करायची आणि त्या विजेवर वडाम वाळवायचे! सरोजाला हसावं की रडावं कळेना. यंत्रात वाळवलेलं श्राद्धाला कोण घेणार?

मग अखिलाने एक वाट दाखवली. यादी संध्याकाळी चेन्नईला जाईल. त्याआधी पाहणी करणाऱ्यानेच लिहून दिलं, की पाहणीच्या वेळी गच्ची वापरात होती, नोंद चुकली, तर ती घर वगळेल. गणेशकुमार तिथेच, खिडकीजवळ बसला होता.

सरोजा त्याच्या टेबलापाशी गेली. बसा म्हणून त्याने खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली. म्हणाली, तू बघितलंस ना सगळं, तुझ्या डोळ्यांसमोर होतं.

"बघितलं, अम्मा," तो म्हणाला. "पायरीवर दहा मिनिटं उभा राहून बघितलं. 'वापरात' असंच लिहिणार होतो. मग वाटलं, माझा पाय लागला की जिचा वापर संपतो, त्या गच्चीचा वापर मी कुठल्या तोंडाने लिहू?"

आवाज चढलेला नव्हता. टोमणाही नव्हता. चुकलं माझं, एवढं सरोजाने म्हटलं असतं तर त्याने लिहून दिलं असतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. टॅब तर त्याने उघडलाही होता. पण तीस वर्षांच्या मडीत तो शब्द तिच्या जिभेवर कधी आलाच नव्हता. जिभेवर आलं ते भलतंच.

"किती द्यायचे तुला?" तिने विचारलं.

गणेशकुमारने टॅब मिटला, ओळखपत्र सरळ केलं आणि अखिलाला सांगितलं, माझी नोंद बरोबर आहे. सरोजा परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा स्वतःच्याच जिभेला शिव्या देत होती, आणि बायकांचं फुकट तिकीट घ्यायचंही विसरली होती.

शुक्रवारी चार फिटर आले, बूट घालून. सरोजा त्या दिवशी मडी नेसली नाही, साध्या साडीत खाली बसून राहिली. वर ड्रिल चालू झालं. राजलक्ष्मीवैनी जवळ येऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली, आता वेगळी चूल कशाला, आमच्यातच जेवत जा. वैनीच्या मनात पाप नव्हतं, हे तर जास्त जिव्हारी लागलं. सरोजा उठली आणि आपल्या खोलीत गेली. तिथे डब्यात या हंगामाचे उरलेले वडाम होते. तिने कढई ठेवली, तेल तापवलं आणि डबाभर वडाम तळून काढले.

परात घेऊन ती वर गेली. फिटर दुपारचे पॅनेलच्या नव्या सावलीत टेकले होते. तिने त्यांना हातात पाणी दिलं, पुढ्यात परात ठेवली. भुकेलेली माणसं ती, बघता बघता अर्धी परात संपवली. त्यांतला एक म्हातारासा होता. तो बोटं चाटत म्हणाला, असे वडाम त्याच्या आईनंतर कुणाच्या हातचे खाल्ले नाहीत. घरी न्यायचे होते त्याला.

"विकता का, अम्मा?" त्याने विचारलं.

"विकत होते," सरोजा म्हणाली, आणि उरलेले त्याच्या रुमालात बांधून दिले.