राजीखुशीचं पाणी

डोमाजीने तिसरा तांब्या बोकडाच्या पाठीवर रिता केला. बोकड डोळे मिटून उभा होता. वैशाखाच्या उन्हात एवढं गार पाणी त्याला आजवर कोणी घातलं नव्हतं, त्यामुळे हलायचं तो नाव घेईना.

मरीमायच्या ओट्यापुढे जमलेली माणसं चुळबुळू लागली. अंगावर पाणी पडल्यावर बोकडाने अंग झाडलं की देवीने तो घेतला; नाही झाडलं तर सुरी लावायची नाही, ही गावाची रीत होती. सुरीवाला कंटाळून बिडी ओढत बसला होता.

इंदूबाई लिंबाखाली दातओठ खात उभी होती. बोकड तिचा होता. त्याची आई मेली तेव्हा दुसऱ्या बकरीचं दूध बोळ्याने पाजून तिने तो जगवला होता. आता तिच्या साऱ्या बकऱ्यांत तोच एक नर. तो गेला तर पुढच्या वर्षी पिल्लं कुठून येणार? पण हा विचार नवऱ्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती, तिथे ग्रामपंचायत ठाण मांडून बसली होती. निवडून आलो तर बोकड देईन, असा नवस डोमाजी बायकोला न विचारता बोलून मोकळा झाला होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! आणि मेला निवडूनही आला.

"पंच तुमी झाले, मान माह्या बोकडाची कायले?" तिने सकाळीच विचारलं होतं.

उत्तर सासूने, मथुराबाईने दिलं होतं. "देवीचं नाव घेतलं आता. तोंड मिट."

चौथा तांब्याही वाया गेला तेव्हा म्हातारा भगत पुंजाजी मान हलवत उठला.

"घरात कोनाचं तरी मन नाही. म्हनून माय घेत नाही." सगळ्या नजरा लिंबाकडे वळल्या. "जिनं पोसला तिनंच राजीखुशी म्हनाव, अन् तिच्याच हातानं पानी टाकाव."

डोमाजी तिच्याजवळ आला. नव्या टोपीखालून घाम निथळत होता.

"इंदे, इज्जतीचा सवाल हाय. पाहुने जेवाले येऊन राह्यले. म्हन ना वं."

लग्न झाल्यापासून या माणसाने तिला विचारून एक गोष्ट केली नव्हती. आज विचारत होता, तेही देवीने अडवलं म्हणून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला.

"राजीखुशी," ती म्हणाली, थुंकावं तशी.

पाठीवर कितीही पाणी ओता, बोकड उभाच राहतो. कानात थेंब गेला की मात्र सारं अंग झाडतो. बकऱ्या पाळणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. डोमाजीने जन्मात बकरी धुतली नव्हती आणि भगताला धड दिसत नव्हतं. इंदूबाईने निरोप घ्यावा तसं बोकडाचं डोकं पोटाशी धरलं, दोन्ही कान पदराखाली झाकले आणि पाणी पाठीवरून सावकाश सोडलं. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

बोकडाने शेपूट हलवलं, तेवढंच.

"मायले नको हाय," पुंजाजी म्हणाला. "नारळ फोडा."

बोकड घेऊन इंदूबाई घरी निघाली. मागून मथुराबाई येत होती. अंगणात शिरताच तिने सुनेचं मनगट पकडलं.

"कान कायले झाकले वं?"

इंदूबाईने मनगट सोडवायला हिसका दिला. भीतीपेक्षा राग मोठा होता. "झाकले. जा, सांगा तुमच्या लेकाले!"

म्हातारीने मनगट सोडलं नाही.

"शंकरपटात बैलजोडी पहिली आली तं बोकड देईन, असा नवस केलता तुह्या सासऱ्यानं. बोकड माहा, म्या पोसलेला. तो बी अंग झाडत नव्हता. मले म्हने, तू टाक पानी. म्या कानात टाकलं." तिने मनगट आणखी आवळलं. "मले मालूम होतं, तरी टाकलं."

डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. नवरा मरून कैक वर्षं झाली होती, पण म्हातारीचा राग अजून जिवंत होता.

तेवढ्यात डोमाजी धापा टाकत अंगणात आला. "माय, लोक येऊन बसले. मसाला वाटून तयार हाय. आता त्यायच्या पानात वाढू काय?"

"पंच झाला ना?" मथुराबाई कडाडली. "कर मंग ठराव!"

आणि सुनेच्या हातातलं दावं घेऊन तिने बोकड स्वतः खुंट्याला बांधला.