पुढून बटणं

रग्बीच्या मैदानावर तिला सगळ्या जणी भिंत म्हणत. समोरून कोणीही पळत येवो, भिंत हलत नसे. हलायचा तो तिचा उजवा खांदा. सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा निखळला, तेव्हा दवाखान्यात जाऊन बसवून घेतला, महिनाभर हात झोळीत ठेवला आणि ती पुन्हा खेळायला लागली. दुसऱ्यांदा समोरचीला टॅकल करून पाडताना निखळला, तिसऱ्यांदा बॅग उचलताना आणि चौथ्यांदा चक्क टी-शर्ट काढताना. शेवटच्या दोन्ही वेळा तो आपला आपणच जागेवर गेला, म्हणून तिने ब्रसुद्धा काढला नाही. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. संघाच्या फिजिओबाईंना कळलं असतं तर त्यांनी तिला तडक घरी बसवलं असतं.

टी-शर्टचा मात्र तिने धसका घेतला. आई घरी शिवणकाम करायची. भिंतीने तिला गळ घातली, की माझे सगळे टी-शर्ट पुढून उभे काप आणि बटणं लाव. हल्ली हीच फॅशन आहे, अशी थापही ठोकून दिली. आईने आधी नाक मुरडलं, मग कापले, मग लेकीला आरशासमोर उभं करून स्वतःच्याच कामावर खूश झाली. तुझ्या मैत्रिणींना आवडेल का, असं तिने विचारलं. त्या वेड्या होतील, भिंत म्हणाली. थाप एकदा मारली की ती निभवावी लागते.

तिथेच घात झाला. आईने कप्तान मुलीला गाठून सगळ्या संघाचे टी-शर्ट गुपचूप मागवून घेतले आणि आठवड्याच्या आत सगळ्यांना निळी बटणं लावून गठ्ठा स्वतः मैदानावर घेऊन आली. पोरी खरंच वेड्या झाल्या. सरावानंतर सगळ्यांनी ते अंगात चढवले. भिंतीला घाम फुटला.

तेवढ्यात फिजिओबाई आल्या आणि हसतच सुटल्या. खांदा निखळलेल्यांना मी असे कपडे घालायला सांगते, हात वर करावा लागत नाही म्हणून, तुम्हा सगळ्यांना एकदम काय झालं, असं त्या म्हणाल्या. पोरीही हसल्या. आई हसली नाही. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती. तिने लेकीकडे पाहिलं.

"हात वर कर."

भिंतीने डावा केला.

"दुसरा."

दुसरा काही वर जाईना. भिंत सगळ्यांदेखत रडली, आणि खरं सांगायचं तर तिला हलकंच वाटलं.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की खांद्याच्या खोबणीची कड फाटलीय. तरुण वय आणि धडकाधडकीचा खेळ, त्यात असा खांदा वारंवार निखळतो आणि दर वेळी कड आणखी फाटते. टाके घालावे लागतील, मग निदान सहा महिने मैदान बंद. चाचणी गेली. भिंत दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडली. आईने मात्र डॉक्टरांची उलटतपासणी घेतली: धागा कसला, टाके किती, उसवणार तर नाहीत ना. उसवणारच नाहीत अशी हमी देता येत नाही, पण शक्यता बरीच कमी होते, असं ते म्हणाले. खोटं बोलत नाही म्हणजे कारागीर चांगला, असा शेरा मारून आईने होकार दिला.

पुढचे महिने भिंतीने रबरी पट्टे ताणत आणि कुरकुरत काढले. सातव्या महिन्यात फिजिओबाईंनी खांदा हरतऱ्हेने तपासला आणि म्हणाल्या, जा, खेळ. पुढची चाचणी पाच महिन्यांवर होती.

घरी येऊन तिने गोल गळ्याची जुनी जर्सी काढली आणि डोक्यावरून घातली. इतक्या महिन्यांच्या व्यायामाने अंग भरलं होतं, जर्सी अर्ध्यावर अडकली. दोन्ही हात सरळ वर, तोंड आत.

"आई, अडकलंय. ओढ ना जरा."

आईने मशीन थांबवलं, पण ती उठली नाही.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "मला बघू दे."