तीन हातांच्या विड्या

तुमी इचारलं, या आळीत विडीचा दोरा उलटा का गुंडाळत्यात, म्हनून सांगते. दुसऱ्या कुनी इचारलं असतं तर म्या सुपातलं डोस्कं वर केलं नसतं. पन तुमी आदी भाईरून हाक मारली, मंग आत आला. बसा. माझे हात चालूच ऱ्हातील, तेवढं चालवून घ्या.

लढाईच्या टायमाची गोष्ट हाय. नगरात तवा ज्वारी मिळायची ती काळ्या बाजारात, अन् तिथला भाव ऐकूनच मानूस माघारी फिरायचं. सरकारनं गरिबासाठी स्वस्त धान्याचं कार्ड काढलं. महिन्याची कमाई माणशी आठ रुपयांच्या आत असंल, त्या घराला कार्ड. नवरा माझा मरून चार वर्सं झालेली. घरात मी, माझी सासू बायडाबाई अन् माझ्या मेलेल्या बहिनीची लेक मनकर्णा. सासूचे डोळे गेलेले, पन बोटं शाबूत. तिघी मिळून घरीच विड्या वळायचो. कारखान्याच्या बुकात मातर नाव माझ्या एकलीचं, साळूबाईचं. सगळ्याच घरांत तशीच रीत. पानं-तंबाखू एका नावावर यायची अन् वळायला घरातले समदे हात बसायचे. माझ्या नावावर महिन्याला अठरा रुपये पडायचे.

आता बगा. घरात दोन तोंडं लिवली तर माणशी नऊ, मंग कार्ड न्हाई. तीन लिवली तर सहा, कार्ड हाय. तुमी म्हनाल, मंग तीन लिवायची, त्यात काय एवढं? पन तिसरं तोंड माझ्या घरात हाय हे भाईर कळू द्यायचं नव्हतं.

मनकर्णाला कर्जतच्या अंगाला दिली हुती. नवऱ्याचं नाव कानिफनाथ. भाकरी करपली म्हनून त्यानं तिचा उजवा हात तापल्या तव्यावर दाबून धरला. ती तशीच घराभाईर पडली अन् चालत चालत तिसऱ्या दिसाला माझ्या दारात आली. हात बरा झाला, पन बोटं वाकडी ती वाकडीच. मंग ती डाव्या हातानं वळायला शिकली. डाव्या हातानं दोरा गुंडाळला की त्यो उलटा फिरतो. आमच्या डोळ्याला त्ये काय खटकत नव्हतं. पोरीला पोटापुरतं काम जमतंय, एवढंच आमी बगितलं अन् तिच्या विड्या आमच्याच जुड्यांत बांधून देत गेलो. तिथंच आमी चुकलो.

कारन कारखान्यात जुड्या तपासून घेनारा मुकादम आसाराम, त्यो मनकर्णाच्या सासरच्याच गावचा. कानिफनाथाच्या ताटात जेवनारा. त्याच्या भीतीनं पोर सा महिने उंबऱ्याभाईर आली नव्हती. आळीला ठावं हुतं, पन आळीनं त्वांडातून शब्द काढला न्हाई.

मी कार्डाच्या कचेरीत गेले. तिथं विष्णुपंत म्हनून कारकून हुते, किरकोळ अंगाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी अर्ज वाचून दावला. घरात खाणारे किती, नावं काय, नवऱ्याचं नाव, गाव, अन् खाली कारखान्याच्या मालकाची सही.

म्या म्हनलं, "धान्य सरकार देनार का मालक?"

"सरकार."

"मंग मालकाची सही कशाला?"

"तुमची कमाई खरी की खोटी, हे तोच सांगणार ना, बाई."

"कमाई सांगू द्या की. माझ्या चुलीपाशी कोन बसतं त्ये त्याला कशाला दावायचं?"

विष्णुपंत म्हनले, "कागद एकच आहे, बाई. मी काय करू?"

मला राग आला. माझं माहेर शिंगणापूरचं. आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, पन भाईरून हाक मारल्याबिगर कुनी कुनाच्या घरात मान घालत न्हाई. इथं शहरात हरएक दाराला कडी, अन् गरिबाचं घर मातर कागदावर उघडं करून मागत्यात. हे म्या त्यांना बोलून बी दावलं. शेवटी म्या दोनच नावं लिवून घेतली. म्हनलं, कमाईचा आकडा आसारामच भरतो, त्याच्या हातापाया पडून जरा कमी लिवून घिऊ.

कारखान्यात आसारामानं अर्ज वाचला. परत वाचला. मंग माझी एक जुडी उचलून उजेडाला धरली.

"साळूबाई, दोनच खानाऱ्या व्हय तुमच्यात?"

"व्हय."

"पन जुड्यांत तर तीन हात हायेत. ही तुजी विडी, माथा बारीक मुडपलेला. ही म्हातारीची, जरा जाड. अन् हिचा दोरा उलटा. ही डावरी कोन?"

त्यो हळू आवाजात बोलत हुता, त्याचीच जास्ती भीती वाटली.

"मी अठराच्या जागी बारा लिवतो," त्यो म्हनला. "दोघींत सहा-सहा. कार्ड मिळंल, पोटभर खावा. त्या डाव्या हाताचं नाव तेवढं मला सांग. कानिफनाथ दर बाजाराला इचारत फिरतोय बिचारा."

खोटं कशाला बोलू, पापनी लवायच्या आत सांगून टाकावं असं माझ्या मनात येऊन गेलं. आठ दिस झाले हुते, पोर पोट भरलंय म्हनून भाकरीचा तुकडा सासूच्या ताटात सारत हुती. मला ज्वारी दिसली, चूल दिसली. मंग तिची बोटं दिसली. अजून बी ती येळ आठवली की माझी मला लाज वाटती.

म्या त्याच्या हातातून अर्ज हिसकला. म्हनलं, "बिचाऱ्याला सांग, डाव्या हाताचं नाव साळूबाई. मला दोन्ही हातांनी येतं." अन् अर्ज फाडून तिथंच पानांच्या कचऱ्यात टाकला.

घरी आले. सगळं सांगितलं. मनकर्णा उठली अन् तिचं लुगडं पिशवीत कोंबायला लागली. सासूनं आवाजावरून वळखलं.

"पिशवी ठिव खाली," ती म्हनली. "मी आंधळी झाले तवा सुनंनं मला भाईर न्हाई काढलं. तुला काढतीय व्हय?"

"माज्यामुळं तुमी उपाशी, आजी."

"उपास मला नवा न्हाई. तू बस."

हे चाललं हुतं अन् शेजारच्या रतनबाईनं भाईरून हाक दिली. रतनबाईचं अन् माझं नळावरून हाडवैर, हांड्यानं हांडा ठोकायचो आमी. पन भिंत एकच, तिनं समदं ऐकलं हुतं. ती आत आली, मनकर्णाच्या म्होरं बसली अन् सूप मांडीवर घेतलं.

"दाव गं पोरी," ती म्हनली, "कसा फिरवती दोरा त्यो."

मनकर्णा माझ्याकडं बघायला लागली. मला बी उमगाया जरा येळ लागला. रतनबाई मातर चिडली. "आगं, त्या मेल्याला एक उलटा दोरा दिसला म्हनून त्यानं हात वळखला. समद्यांचाच उलटा झाला तर कुनाकुनाचा वळखील?"

त्या दुपारी आळीतल्या बायका एक-एक करून माझ्या घरात आल्या. मनकर्णा दोरा फिरवून दावायची अन् शिकली की बाई आपल्या घरी जाऊन दुसरीला शिकवायची. उजव्या हातानं उलटं फिरवायचं म्हंजी अंगठा आखडतो. शिव्या लई घातल्या बायकांनी, समद्या आसारामाच्या नावानं. पन दिस मावळायच्या आत चाळीस घरांत दोरा फिरला. सा महिन्यांत मनकर्णा पयल्यांदा हसली ती त्या दुपारी, रतनबाईच्या ढिल्या विड्या बघून.

दुसऱ्या दिशी मी परत कचेरीत. विष्णुपंतांना म्हनलं, दुसरा अर्ज द्या, तीन नावं लिवा. त्यांनी लिवली. कागद माझ्या हातात आला तशी म्या त्याचा वरचा भाग, जिथं नावं हुती त्यो, खाली दुमडला अन् नखानं दाबला, विडीचा माथा मुडपतो तसा. खाली उघडं ऱ्हायलं ते फकस्त कमाई किती अन् सही.

"हे चालंल का?" म्या इचारलं.

विष्णुपंतांनी चष्मा सारखा केला, नियमाचा कागद काढला अन् बोट फिरवत वाचला. "रक्कम आणि सही पाहिजे, एवढंच लिहिलंय," ते म्हनले. "मालकानं बाकीचं वाचलं पाहिजे, असं काही दिसत नाही."

मंग त्यांनी फायलींना भोकं पाडायचा दाभण माझ्याकडं सरकवला अन् खिडकीभाईर बघायला लागले. म्या दोन भोकं पाडली, कनवटीचा विडीचा दोरा काढून घडी शिवून टाकली. ते म्हनले, "हा दोरा तुटलेला दिसला तर मी अर्ज घेणार नाही. तसं त्यांना सांगा." या मानसाला मी आदल्या दिशी काय काय बोलले हुते, त्ये आठवून मला वंगाळ वाटलं.

शनिवारी माल द्यायचा दिस. कारखान्याम्होरं मालट्रक उभा, पलटनीसाठी विड्या जायच्या हुत्या. मालक सोता गल्ल्यावर बसलेला. आसारामानं पयली टोपली रतनबाईची घेतली. जुडी उचलली, उजेडाला धरली, ठिवली. दुसरी उचलली. मंग दुसऱ्या बाईची टोपली, मंग तिसरीची. त्याच्या त्वांडावरचा रंग उडत गेला.

"हे काय नाटक हाय?" त्यो आरडला. "मालक, समदा माल छाट करा, घेऊ नका. दोरा उलटा हाय."

मालकानं एक विडी घेतली, बोटांत दाबून बगितली. "आवळ आहे की."

"पन उलटा हाय, मालक."

"ओढणाऱ्याला काय फरक पडतो?"

याचं उत्तर आसारामाकडं हुतं, पन त्ये त्याला देता येईना. कारखान्याच्या पगारावर दुसऱ्याची पळालेली बायकू हुडकतोय, असं कसं सांगनार?

तवाच मी म्होरं झाले अन् शिवलेला कागद गल्ल्यावर ठिवला. आसारामानं झडप घातली, पन म्या हात तसाच दाबून ठिवला. "दोरा तुटला तर कचेरी अर्ज घेनार न्हाई," म्या म्हनलं. "मालक, तुमच्या बुकात माझी कमाई हाय. खरी तेवढी लिवा अन् सही करा. घडीच्या आत माझं घर हाय, त्ये तुमी बगायचं न्हाई."

मालकाच्या कपाळाला आठी पडली. "न वाचता मी सही करत नाही. आत काय लिहिलंय?"

"त्ये सरकारला सांगितलंय."

"मग सरकारकडूनच सही आण."

मला वाटलं, सपलं. आता कार्ड बी गेलं अन् काम बी गेलं. पन मी कागद उचलला न्हाई. हात तिथंच ठिवला अन् मालकाच्या डोळ्यात बघत उभी ऱ्हायले. पाठीमागं खुडबुड झाली. वळून बगितलं तर रतनबाईनं तिची टोपली परत कमरंवर घेतली हुती. मंग तिच्या मागच्या बाईनं घेतली. एकामागं एक समद्या टोपल्या वर गेल्या. मालट्रकवाल्यानं भाईर भोंगा वाजवला.

मालकानं आसारामाकडं बगितलं, मंग ट्रककडं. बुक उघडलं, अठरा लिवलं अन् सही ठोकली. "घेऊन जा," त्यो म्हनला. "आणि माल खाली ठेवा सगळ्यांनी."

विष्णुपंतांनी दोरा निरखून बगितला, मंग सोता कातरीनं कापला. नावं वाचली, शिक्का मारला अन् अर्ज कुलपाच्या कपाटात ठिवला. त्या सांजंला आमी तिघींनी पोटभर खाल्लं. मनकर्णानं परत मागून घेतली भाकरी. मी चुलीकडं त्वांड करून रडले, धुराचं निमित्त हुतं.

आसारामानं सूड उगवला की. वरीसभर मला फाटकी, किडकी पानं दिली. म्या त्यातनंच वळल्या. कानिफनाथ बी येऊन गेला, दारोदार डावरी बाई इचारत फिरला. आळीतल्या हरएक बाईनं त्याच्या म्होरं उलटा दोरा फिरवून दावला अन् म्हनली, मीच ती, बोल काय काम हाय. त्यो परत आला न्हाई.

आता सौराज्य आलं. कार्डाचा अर्ज मातर त्योच हाय, मालकाची सही बी तीच. आमच्या आळीतनं अर्ज जातो त्यो शिवूनच जातो.

ती पोर आता कुठं हाय, म्हनता? तुमी चांगले दिसताय, हाक मारून आत आलाय. पन त्ये तुमाला कशाला पायजे? अन् मनकर्णा हे नाव बी तिचं न्हाई. त्ये म्या तुमच्यापुरतं ठिवलंय.