खुर्चीतल्या माणसाला उलट बोलायचं नाही

मी एक जुनी खुर्ची आहे. सलूनमधली. साहेबाच्या केबिनमध्ये तोरा मिरवणाऱ्या खुर्च्या वेगळ्या. माझ्यावर बसलेल्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा असतो, तरी त्याच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नाही. मित्रांनो, त्या तोंडांतून जे जे बाहेर पडलं ते सगळं मी ऐकलेलं आहे. त्यातलं बरंचसं कापलेल्या केसांबरोबर झाडून टाकायच्या लायकीचं होतं. ते कुणी झाडलं नाही. एका पोराच्या डोक्यात जाऊन बसलं. त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा पाया केला, गरगर फिरायला बेअरिंग बसवलं, वरखाली व्हायला पायानं दाबायची दांडी दिली. अंगावर लाल रेक्झीन चढलं तेव्हा कारखान्यातला एक फिटर माझ्यावर बसला, एक गिरकी घेतली आणि ओरडला, "मंत्री झालो रे!" सगळे हसले. मालक आला तसे पांगले. एवढंच माझं बालपण.

मग मला मास्तरांनी आणलं. मास्तर म्हणजे आमचे न्हावी. खरं शिक्षण चार यत्ता, पण हात असा की झोपलेल्या माणसाची दाढी करावी आणि त्याला कळूही नये. दुकान लहान. समोर मोठा आरसा, मागे वाट बघणाऱ्यांचा बाक, दारातून दिसणारा बसस्टॉप. लहान मुलं आली की माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची आणि त्यावर पोराला बसवायचं. कितीतरी पोरं त्या फळीवर गळा काढून रडली. मास्तरांचा स्वतःचा मुलगाही रडला. त्याला सगळे 'बारक्या' म्हणत. पुढे तो बापाच्या खांद्याला लागला तरी बारक्याच राहिला.

मास्तरांच्या धंद्याचा एक नियम होता. त्यांच्या उस्तादानं तो पहिल्या दिवशी शिकवला होता. खुर्चीतल्या माणसाला उलट बोलायचं नाही. तो बोलेल त्यावर 'बरोबर आहे' म्हणायचं आणि कात्री चालवायची. सकाळी एक जण यायचा, म्हणायचा, पोरांना बदडल्याशिवाय वळण लागत नाही. मास्तर म्हणायचे, "बरोबर आहे." दुपारी दुसरा यायचा, पोरांवर हात उचलणारा बाप कसाई. मास्तर म्हणायचे, "अगदी बरोबर." कच कच कच. गिऱ्हाईक खूश, मान हलत नाही, कान शाबूत. लोक कौतुक करायचे, मास्तरांसारखा समंजस माणूस नाही म्हणून. आणि बारक्या कोपऱ्यात झाडू घेऊन उभा असायचा. बापाचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

बारक्या अकरावीत गेला आणि वर्गातली एक मुलगी त्याला आवडायला लागली. मला हे घरच्यांच्या आधी कळलं. दुपारी दुकान रिकामं असलं की तो माझ्यावर बसायचा आणि आरशाशी बोलायचा.

"हाय. अं... नको. काय गं, कशी आहेस? शी! आजीबाईसारखं वाटतं." मग केसांवर फवारा मारायचा, भांग डावीकडून उजवीकडे न्यायचा, पुन्हा डावीकडे आणायचा. "मला तुझ्याशी जरा बोलायचंय. हां. हे बरंय."

हसू नका. तुमच्यावरही ही वेळ येईल, नाहीतर येऊन गेली असेल. कुणी आवडणं यात लपवण्यासारखं काही नाही. पण कुणी आवडल्यावर करायचं काय, हे विचारायला माणूस लागतो. बारक्यानं आईला विचारलं. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, पायाचे तुकडे पडलेले. म्हणाली, "असलं काही बापाला विचार." बापाला विचारलं, तर मास्तरांचे कान लाल झाले. "आधी अभ्यास कर," म्हणाले आणि धार लावलेल्या वस्तऱ्याला पुन्हा धार लावायला बसले. घरात जेवणापासून मुळव्याधीपर्यंत सगळ्यावर चर्चा व्हायची. एवढी एक गोष्ट आली की सगळ्यांची दातखीळ बसायची.

बारक्यानं शेवटी धीर केला आणि त्या मुलीला विचारलं. तिनं नीट उत्तर दिलं. "वर्गातला म्हणून तू बरा आहेस. पण मला तसं काही वाटत नाही. नाही." स्वच्छ, सरळ, कुठं आडपडदा नाही. एवढं स्पष्ट बोलायला मोठ्या माणसांना जमत नाही.

पोर हिरमुसून दुकानात आलं. तेव्हा माझ्यावर कोण बसला होता? घरांचा दलाल. गालांवर फेस, आणि फेसाच्या वर दोन डोळे, ज्यांना दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते लगेच दिसतं.

"काय रे बारक्या, तोंड का उतरलंय? पोरगी?"

बारक्यानं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"नाही म्हणाली?" दलाल खदखदून हसला. मास्तरांनी वस्तरा बाजूला घेतला. "अरे वेड्या, मी घरं विकतो. मालक पहिल्यांदा कधी हो म्हणतो का? पहिला नकार म्हणजे भाव वाढवणं. दारात जात राहायचं. रोज दिसायचं. चिवटपणा पाहिजे. शेवटी सही होतेच! काय मास्तर?"

मास्तरांनी वस्तरा गालावर टेकवला. "बरोबर आहे शेठ."

कच नाही, खच नाही. वस्तऱ्याचा तो बारीक सर्र आवाज, आणि बारक्यानं वर केलेली मान. समोरच्या आरशात मला ती दिसली. आजवर ज्या बापानं या विषयावर तोंड उघडलं नव्हतं, तो पहिल्यांदा काहीतरी बोलला होता.

दुसऱ्या दिवसापासून बारक्या दुकानासमोरच्या बसस्टॉपवर उभा राहू लागला. ती मुलगी तिथूनच बस पकडायची. तिनं वाट बदलली, पुढच्या स्टॉपवर जायला लागली. हा तिथं पोचला. तिनं फोनवर त्याचा नंबर ब्लॉक केला. यानं मित्राचा फोन मागून आणला आणि त्यावरून मेसेज धाडले. 'मी थांबेन.' 'विचार कर.' 'काल तू हसलीस, मला दिसलं.' माझ्यावर बसूनच टाइप करायचा आणि तोंडानं पुटपुटायचा. त्याला वाटत होतं आपण प्रेमात चिकाटी दाखवतोय. तिकडे ती मुलगी रस्त्यानं चालताना मागे वळून बघायला शिकत होती. बॅडमिंटनचा सराव संध्याकाळी उशिरा संपायचा, म्हणून तिनं बॅडमिंटनच सोडलं. शाळेपासून खेळत होती ती.

मग एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि गणवेशातली एक बाई आत आली. बस चालवणारी. बाकावर दलाल वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मास्तर गडबडले.

"ताई, इथं लेडीज कटिंग होत नाही."

"मला कापायचे नाहीत," ती म्हणाली आणि सरळ येऊन माझ्यावर बसली. एवढ्या वर्षांत माझ्यावर बसलेली ती पहिली बाई. "माझा नवरा तुमच्याकडंच दाढी करतो. तो सांगतो, या खुर्चीतल्या माणसाला मास्तर कधी उलट बोलत नाहीत. म्हणून इथं बसले. आता ऐका."

बारक्या मागच्या खोलीतून टॉवेल घेऊन येत होता. दारातच खिळला.

तिनं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. स्टॉप, मेसेज, बॅडमिंटन. "परवा माझी बस स्टॉपवर आली आणि मला बाजूच्या आरशात माझी पोरगी दिसली. झाडाच्या आड उभी होती. बस थांबली तशी पळत आली आणि चढली. स्वतःच्या आईच्या बसमध्ये पळत चढली, मास्तर. घरी खोदून विचारलं तेव्हा फोन दाखवला. तिच्या बापाला अजून बोलले नाही. तो इथं येईल, हात उचलेल, मग गोष्ट मारामारीची होईल आणि पोरगी राहील बाजूला."

बाकावरून दलाल हसला. "अहो ताई, वयच असं असतं. पोरगा काही वाईट नाही. एवढं मनावर घ्यायचं नसतं. काय मास्तर?"

"बरोब..." मास्तरांची जीभ सवयीनं वळली आणि अर्ध्यात अडकली. समोर माझ्यावर बसलेली ती बाई आरशातून त्यांच्याकडं बघत होती. मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"चूक आहे, शेठ," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचं बोलणं चूक आहे. त्या दिवशीचंही चूक होतं."

"अरे वा! न्हाव्यानं आता अक्कल शिकवायची का?"

"न्हावी नाही बोलत, पोराचा बाप बोलतोय. तुम्हाला दाढी दुसरीकडं करायची असली तर पुढच्या चौकात दुकान आहे. चांगला हात आहे त्याचा."

दलाल वर्तमानपत्र आपटून निघून गेला. वर्तमानपत्र दुकानाचंच होतं, म्हणून आपटून गेला, स्वतःचं असतं तर घेऊन गेला असता.

मग बारक्या बोलला. त्याचा आवाज फाटला होता. "पण बाबा, तुम्हीच बरोबर आहे म्हणालात. मी ऐकलं. इथंच उभा होतो."

"अरे, तो धंदा होता. गिऱ्हाईकाला तसं म्हणतात."

"मला काय माहीत कुठलं बोलणं धंद्याचं आणि कुठलं घरचं? घरचं तर तुम्ही कधी बोललाच नाहीत!"

मित्रांनो, माझ्यावर वस्तऱ्यानं कापलेली माणसं बसली आहेत. त्यांचं रक्त तुरटीनं थांबतं. मास्तरांचा चेहरा त्या वेळी जसा झाला, त्याच्यावर चोळायला दुकानात काही नव्हतं.

ती बाई उठली. "मला तुमची माफी नको. पोराचीही नको. माझ्या पोरीला तिचा स्टॉप परत पाहिजे आणि तिचा खेळ परत पाहिजे. पुन्हा हा तिच्या मागे दिसला तर मी बस घेऊन थेट पोलीस चौकीत जाईन, प्रवाशांसकट." आणि गेली.

मास्तरांनी दाराला कडी घातली. बारक्याला माझ्यावर बसवलं. स्वतः समोर स्टूल ओढून बसले. फणी साफ करायला घेतली आणि बाजूला ठेवली. मग बोलले. काय बोलले ते शब्दाला शब्द सांगते, कारण असं बोलायला त्यांना सोळा वर्षं उशीर झाला होता.

"मला यातलं बोलता येत नाही रे. माझ्याशीही कुणी बोललं नाही. पण आता चुकत चुकत बोलतो. ती आवडली, त्यात तुझं काही चुकलं नाही. विचारलंस, तेही ठीक. ती नाही म्हणाली, तिथं गोष्ट संपली. तिथून घरी यायचं. रडायचं. मला सांगायचं, नाहीतर आईला सांगायचं. जेवायचं आणि झोपायचं. हे मी तुला आधी शिकवायला पाहिजे होतं."

"मी तिला घाबरवायला नव्हतो जात, बाबा."

"तुझ्या मनात काय होतं ते तुला माहीत. तिला तू दिसत होतास. रोज."

बारक्या रडला. नाक पुसून म्हणाला, "मग उद्या जाऊन सॉरी म्हणतो."

"जायचं नाही."

"सॉरी म्हणायलासुद्धा नाही?"

"तिनं बोलावलंय का? नाही. मग सॉरी घेऊनसुद्धा तिच्या दारात जायचं नाही. तुला मोकळं वाटावं म्हणून तिनं पुन्हा का घाबरायचं?"

बारक्यानं फोन काढला, तुझा फोन पुन्हा मला देऊ नकोस असं मित्राला सांगितलं आणि तिचा नंबर स्वतःच्या हातानं पुसला. त्या संध्याकाळी कारखान्यातून आई आली. तिलाही मास्तरांनी दुकानातच बसवून घेतलं, आणि तिघं त्या विषयावर बोलले. अडखळत, खाकरत, मधेच भांडत. पण बोलले.

तुम्हाला वाटेल, झालं, सगळं सुरळीत. कसलं सुरळीत! दलालानं आपल्याबरोबर चार गिऱ्हाइकं नेली. मास्तरांचा नियम गेला तशी काही माणसंही गेली. माझ्यावर बसून कुणी पोरींविषयी वेडंवाकडं बोललं की मास्तर हात थांबवतात आणि म्हणतात, "हे नको. पोरं ऐकतायत." काही जण अर्धी दाढी ठेवून उठायच्या गोष्टी करतात. उठत मात्र कुणी नाही. अर्ध्या दाढीनं कुठं जाणार?

मित्रांनो, माझं रेक्झीन आता फाटलंय, दांडी दाबली की मी कण्हते. मला चिकटपट्टी लावा, तेल घाला, नाहीतर भंगारात टाका, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या मनात कुणी आलं तर खुर्चीवरच्या शहाण्यांना विचारू नका. घरच्यांना विचारा. ते तोंड फिरवतील. समोर जाऊन पुन्हा विचारा. त्यांचे कान लाल होतील. होऊ द्या. आणि घरातल्या मोठ्यांनो, तुम्ही हे चोरून वाचताय ते मला माहीत आहे. तुम्ही गप्प बसलात तर पोरं अडाणी राहत नाहीत, त्यांना दुसरं कुणीतरी शिकवतं. कोण, ते मी रोज अंगावर घेऊन बसते.

ती बाई येऊन गेली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका दुपारी दुकान रिकामं होतं. बारक्या माझ्यावर बसून होता. काचेपलीकडं ती मुलगी आली. खांद्यावर रॅकेट. स्टॉपवर उभी राहिली. एकदा मागे वळून बघितलं. मग बघितलं नाही.

बारक्याच्या मुठी माझ्या हातांवर आवळल्या. एवढ्या जोरात की फाटलेलं रेक्झीन आणखी उसवलं. सगळं अंग उठायला बघत होतं त्याचं, मला ते लोखंडापर्यंत जाणवत होतं. मास्तर आतून बघत होते. बस आली, दार उघडलं, ती चढली, बस गेली.

पोर उठलं नाही.